बोंबील माझे, शपथ माझी

“ए कोळणी, बाहेर उभी राहा. वास मारतो.”

पालघरच्या कोर्टाशेजारी आमच्या वकिलाचं बिऱ्हाड. तिथला कारकून नाकाला रुमाल लावून बोलला. मी सकाळी डोक्यावरून न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून नवऱ्याबरोबर सातपाटीहून आले होते. तरी वास! मेला बाजारात माझ्याकडूनच बोंबील न्यायचा.

भानगड अशी. नवऱ्याने जाळ्याचं सूत शेठकडून उधार घेतलेलं, ते फिटलं नाही. शेठने कोर्टात शपथेवर लिहून दिलं, मच्छीमार सोसायटीकडे जमा असलेले सुक्या बोंबलांचे पैसे या कर्जदाराचे आहेत. झालं! कोर्टाने सोसायटीला हुकूम धाडला, पैसे अडवून ठेवा. होड्या बंद झाल्या की पावसाळाभर चूल त्याच पैशांवर पेटायची.

आणि ते पैसे माझे होते. आमच्यात होडी किनाऱ्याला लागली की मासळी बाईची. वाळवायची तिने, विकायची तिने, पैसा तिच्याच कनवटीला. सोसायटीत नाव तेवढं नवऱ्याचं, कारण सभासद तो. गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

कारकुनाने माझ्या नावाने टाइप केलेला शपथेचा कागद आणि शाई पुढे सरकवली. “अंगठा दे.”

“काय लिवलंय, वाचा आदी.”

“तुला काय करायचंय?”

“शपथ माजी हाय ना?”

त्याने कपाळाला आठ्या घालून वाचलं. पैसे नवऱ्याचेच, मी अडाणी गरीब बाई, दया करून थोडे सोडावेत.

अंगाची लाही लाही झाली. शेठ खोटं बोलला, तो तर वैरीच. पण आमचाच वकील तेच खोटं मला हात जोडून बोलायला लावत होता!

नवरा मान खाली घालून म्हणाला, “दे गो अंगठा. त्यांना कायदा कलतो.”

“आनि उनात बोंबील कोन वालवत व्हतं? तू?”

आतून वकील हसले. “बाईचा पैसा म्हणे! हरशील अशाने.”

“हरंन. पन ह्या कागदावर अंगटा नाय देत.”

मी तडक बाहेर आले. झाडाखालच्या टाइपवाल्याकडून, मी सांगेन तसंच, शब्दाला शब्द लिहून घेतलं, त्यावर अंगठा उठवला आणि कोर्टात दिलं. नवरा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर बिगारीला गेला. पावसाळा आम्ही पेजेवर काढला. पैसे अजून अडकलेलेच आहेत, तारखा पडतायत, जीव नुसता विटलाय.

पण प्रत्येक तारखेला मी जाते. जज्जसाहेब विचारतील त्या दिवशी सांगणार, पैसे माझे आहेत. दया नको, माझे मला द्या.