न पुकारलेलं नाव

कोर्टात त्यांना सगळे पुकारे म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. बत्तीस वर्षं त्यांनी पाच नंबरच्या कोर्टाच्या दारात उभं राहून लोकांची नावं पुकारली. आवाज असा खणखणीत, की तळमजल्यावरच्या कोठडीत बसलेल्या कैद्यालाही आपलं नाव स्वच्छ ऐकू जावं आणि बाहेर चहा पिणाऱ्या वकिलाच्या हातातला कप हिंदकळावा. बायको म्हणायची, "घरात तरी हळू बोला. इथे कुणी आरोपी नाही."

निवृत्त झाल्यावर मात्र हा माणूस दिवसदिवस गप्प राहू लागला. फक्त दुपारी जेवून आडवे झाले आणि डोळा लागला, की तीनच्या सुमाराला एकाच माणसाचं नाव पुकारत उठायचे. तीनदा, कोर्टात पुकारतात तसं. पुकारून झालं की दाराकडे बघत बसायचे. कोणी यायचं नाही. बायकोने आधी चेष्टा केली, मग डॉक्टरकडे नेलं, आणि शेवटी एक दिवस समोर बसून विचारलं, "हा आहे तरी कोण?"

मग त्यांनी तिला सांगितलं.

तो काचा बसवणारा होता. एका बंगल्याच्या खिडक्यांना काचा बसवून गेला आणि आठवड्याने तिथले दागिने गेले. पोलिसांनी त्याला उचललं. गुन्हा शाबित झाला असता तरी जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. आणि खटला उभा राहायच्या आतच त्याची आत चार वर्षं झाली होती. जामीन राहणारा कोणी नाही, सरकारने दिलेला वकील फिरकत नाही, तारखेवर तारीख पडते आहे. निकाल नाही, शिक्षा नाही, नुसतं बसून राहा. याला न्याय म्हणणाऱ्याची जीभ झडो.

तेव्हा नवे न्यायाधीश आले होते. शिक्षेपेक्षा जास्त दिवस आत काढलेला आरोपी समोर आला, की त्याला ते त्याच दिवशी घरी पाठवायचे. फक्त माणूस समोर उभा हवा. त्या दिवशी यादीत काचवाला होता.

आता पुकाऱ्यांची एक सवय होती. तुरुंगाची निळी गाडी मागच्या अंगणात उभी राहायची आणि दाराजवळच्या खिडकीतून ती दिसायची. गाडी नसली म्हणजे कैदी आणलेले नाहीत. बरोबर यायला पोलीस कमी पडत, म्हणून महिन्यातून चारदा असं व्हायचं. मग उगाच घसा कशाला फोडायचा? पुकारे आत बघून नुसता हात हलवायचे, कारकून 'आरोपी हजर नाही' असा शिक्का मारायचा आणि पुढची तारीख पडायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाला त्याचं काही वाटत नसे.

त्या दिवशी अंगणात गाडी नव्हती. पुकाऱ्यांनी हात हलवला आणि शिक्का पडला.

संध्याकाळी ते खाली उतरले, तर मागच्या दाराशी कैदी एका भाड्याच्या बसमध्ये चढत होते. निळी गाडी सकाळी वाटेत बंद पडली, म्हणून त्यांना बसने आणलं होतं आणि दिवसभर ते खालच्या कोठडीतच होते. रांगेतल्या शेवटच्या माणसाने विचारलं, "साहेब, माझं नाव झालं का?" तो काचवाला होता. पुकारे वळले आणि धापा टाकत कारकुनाकडे गेले. न्यायाधीश अजून आपल्या खोलीतच होते. कारकून म्हणाला, "शिक्का पडलाय. आता सांगायला जाऊन स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणार? दोन वर्षं राहिलीत ना तुमची?" पुकारे घरी गेले. आठवडाभर त्यांना रोज सांगता आलं असतं. मग न्यायाधीशांची बदली झाली, खुर्ची रिकामी राहिली आणि काचवाला सुटला तो आणखी सात महिन्यांनी.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा."

पत्ता पाठ होता, खटल्याच्या कागदावर शंभरदा पाहिलेला. काचवाल्याचं दुकान आणि घर म्हणजे एकच खोली. पुढे जाड कापड पसरलेलं टेबल, भिंतीला टेकवलेल्या काचा, मध्ये पडदा आणि पडद्यामागे संसार. काचवाला काचेवर रेघ मारत होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं आणि कोर्टात उभं राहतात तसा हात खाली सोडून ताठ उभा राहिला.

"अहो, तुम्ही! बसा ना." त्याने स्टूल पुसून दिलं. "तुमची माफी मागायची राहूनच गेली होती."

"माझी?"

"त्या तारखेला तुम्ही घसा फोडून पुकारलं असणार आणि मला नेमकी डुलकी लागली. नंतर बसमध्ये शिपाई म्हणाला, नाव केव्हाच झालं, तू घोरत होतास. मला तर आठवतं, मी जागा होतो. एकेक नाव ऐकत होतो. पण शिपाई कशाला खोटं बोलेल?"

"कुंभकर्ण आहेत नुसते," पडद्यामागून त्याची बायको म्हणाली. "चार वर्षं वाट बघितली आणि ऐन वेळी झोपले." ती हसत होती, पण ते हसू वापरून वापरून झिजलेलं होतं.

"म्हणून तर आता दुपारी पाठ टेकत नाही," काचवाला म्हणाला. घरात पाठीची एकही खुर्ची नव्हती.

पुकाऱ्यांना बसवेना. "मी पुकारलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचं नाव मी पुकारलंच नाही. गाडी दिसली नाही, वाटलं तुम्हाला आणलं नसेल. संध्याकाळी कळलं, तरी गप्प बसलो. नोकरीला भ्यालो."

पडदा बाजूला झाला. बायको हातातलं ताट तसंच धरून उभी होती. काचवाला शिव्या देईल, अंगावर येईल, अशी पुकाऱ्यांनी वाटेत मनाची तयारी केली होती. त्याने हात उगारला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"म्हणजे मी जागा होतो," काचवाला म्हणाला.

"हो."

"ऐकलंस का गं? मी जागाच होतो."

तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. काचवाला हळूच स्टुलावर बसला आणि टेबलावरच्या कापडावरून हात फिरवू लागला.

"माझी आई त्या सात महिन्यांत गेली," तो म्हणाला. "भेटायला यायची, जाळीला तोंड लावून एकच विचारायची. बाळा, तुला झोप लागलीच कशी रे? शेवटच्या भेटीलाही तेच. मी म्हणालो, चुकलो गं आई."

त्याने मान वर केली. रागावलेला दिसत नव्हता. खरोखरच विचारत होता.

"आता तिला कोण सांगणार?"