तितराला हाक देणारी

शुगर निघाल्यापासून मी रोज सकाळी कळंबच्या नगरपालिकेच्या वनात चालायला जाते. नगरपालिकेनं ते वन पारधी वस्तीतल्या बायकांच्या हाती दिलंय. त्यांतली एक मला रोज दिसते. कपाळावर गोंदण, कमरेला विळा, आणि चालताना नजर कायम गवतात. तिचं नाव विचारायचं धाडस मला अजून झालं नाही.

एकदा नगरपालिकेचे साहेब वाळलेलं गवत कापायला यंत्र घेऊन आले. ती आडवी उभी राहिली. "सायेब, आत तितराची जोडी हाय. अंडी घातल्यात."

"तितर दाखवा, गवत ठेवतो," साहेब म्हणाले.

तिनं तोंडाशी हात धरून हाक दिली. गवतातून हुबेहूब तशीच ओ आली. साहेब हसायला लागले. "मावशी, हाक तुमचीच आन् ओ बी तुमचीच!"

मी बाजूला उभी राहून बघत होते. तिनं मला पुढं ओढलं. "आता ह्या ताई हाक देतील. म्या तोंडात पदर धरते."

मी चार माणसांत तोंड न उघडणारी. मी मागं सरले.

"माणसाला लाजा की ताई, पाखराला काय लाजायचं?" असं म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला.

मी डोळे मिटून ओरडले, "क-तीतर, क-तीतर!" गवतातून ठणठणीत उत्तर आलं.

साहेबांनी यंत्र माघारी पाठवलं. ती हसून हसून खालीच बसली. "तुमचं वरडणं ऐकून भांडायला उठला गडी!"

आता रोज त्या गवतापाशी थांबून मी एक हाक देते. आजूबाजूला माणसं असली तरी देते.