मामांना वाचून दाखवलेला फॉर्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच – गोष्ट तिच्या माहेरची आहे, आणि ती पहिल्याच फटक्याला विचारेल, 'जनूला कळलं का गं?' तिथे माझी वाचा बसेल. तुम्ही मला ओळखत नाही, जनूमामांनाही ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर बसलेय. बसलेय खरी – पण सुरुवात कुठून करू?

माझ्या हातापासून करते. बोईसरला स्टेशनजवळच्या एका सेवा केंद्रात मी सहा वर्षं काउंटरवर होते. सिमकार्ड, बँकेची केवायसी, असली कामं. म्हणजे दिवसभर लोकांची तोंडं कॅमेऱ्यासमोर सरळ करायची. कारखान्यांतले कामगार यायचे, त्यांना म्हणायचं, 'भैया, ऊपर देखो, आँख झपकाओ.' नाही जमलं की काउंटरवरून हात पुढे करायचा, हनुवटी धरायची आणि हवी तशी वळवायची. मासळी विकणाऱ्या बायकांच्या अंगठ्यांवर रेषाच उरलेल्या नसतात, बर्फाने आणि मिठाने गेलेल्या असतात. त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसायचा आणि मशीन घेईपर्यंत वरून आपलं बोट दाबून ठेवायचं. कुणी कधी हरकत घेतली नाही. उलट म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. मी खूश. ज्याचं काम त्याला स्वतःला करू द्यावं असं माझ्या मनातही आलं नाही, मागे रांग असायची ना.

हे सबब म्हणून सांगत नाहीये. की सांगतेय? बघा, अजून मुद्द्याला हात घातलेला नाही आणि पळवाट शोधायला लागले.

तर – एका कंपनीने मोबाइलवर ओळख पटवण्याची नवी सेवा काढली होती. नाव नाही सांगत. घरबसल्या फोनसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, झालं. सेवा सगळीकडे सुरू करण्याआधी त्यांना पाहायचं होतं, की ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना ती एकट्याने वापरता येते का. पालघर तालुक्यातल्या अशा आठ जणांकडे जाऊन, त्यांना करायला लावून, फॉर्म भरायचे. मला ते काम मिळालं. नीट केलं तर पुढे कंपनीत कायमची जागा, असंही कानावर घातलं होतं. मुंबईहून एक मॅडम फोनवर समजावून सांगायच्या. त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं – तुम्ही हात लावायचा नाही, जे दिसेल ते लिहायचं, जमलं नाही तर जमलं नाही असं लिहायचं, त्यासाठीच तर तुम्हाला पाठवतोय. म्हणजे मला कुणी खोटं बोलायला लावलं नाही. एवढं आधीच मांडून ठेवते, म्हणजे नंतर मलाच ते कुणावर ढकलता येणार नाही.

सात जण झाले. आठवे जनूमामा.

माझं आजोळ माहीमचं – केळव्याशेजारचं आमचं माहीम, मुंबईतलं नव्हे. आजोळच्या गावातले सगळेच मामा, तसे हेही. तारापूरला एका कारखान्यात नोकरी केली, काचबिंदूने नजर गेली तशी नोकरी सुटली, पेन्शन बसली. मामी वारल्यावर एकटेच राहत. मागे नागवेलीची छोटी वाडी होती. पानं खुडून, बोटांनी चाचपून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायचे, फाटकं पान एक सापडायचं नाही त्यांत. चहा स्वतः करायचे. फोन बोलणारा होता, बटणावर बोट नेलं की नाव सांगणारा, त्यावर सगळ्यांना फोन करायचे. वर्षातून एकदा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला एकटेच काठी घेऊन पालघरला जायचे. भाचा वापीला असतो, तो कधीपासून मागे लागला होता की मामा, आता इकडे या. मामांचं एकच म्हणणं, 'माजं मला होतंय तवर मी हितंच.'

मी कशासाठी आलेय ते सांगितल्यावर त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू. अंगातला बनियन बदलून शर्ट घालून आले. म्हणाले, आजपर्यंत सगळं करून झाल्यावर आम्हाला सांगतात, आधी विचारायला पहिल्यांदाच कुणी आलं. मला खुर्ची दिली, स्वतः ओट्यावर बसले आणि म्हणाले, हात लावू नकोस, माझं मला करू दे.

सुरुवातीला फोन बोलत होता. नाव, नंबर, पुढे जा – त्यांनी पटापट केलं. मग कॅमेरा उघडला आणि फोन मुका झाला. पडद्यावर एक गोल होता, चेहरा त्या गोलात आणायचा. खाली लाल अक्षरांत सूचना येत होती – थोडे डावीकडे, थोडे मागे, आता डोळे मिचकवा. ती वाचणार कोण? मामा फोन धरून स्तब्ध बसले होते. त्यांना वाटत होतं, आता तो काहीतरी सांगेल. वेळ संपला की सगळं पहिल्यापासून. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. गोलात कधी त्यांचा कान यायचा, कधी छताचं कौल. घामाने शर्ट पाठीला चिकटला तरी ते चिडले नाहीत. शेवटी फोन मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, 'लिव बाय. आंदळ्या माणसाला एकट्यानं जमत नाय. आन् हे पन लिव – कॅमेरा लागल्यावर फोन गप होतो. तवा पन बोलून सांगितलं ना, जरा डावीकडं, जरा वर, तर जमंल. आमी मूर्ख नाय, आमाला सांगत नाय कोन.'

इतकं सरळ. इतकं बरोबर. कंपनीला नेमकं हेच हवं होतं.

आता येते तिथे – पण थांबा, फॉर्मचं सांगायला हवं. त्यात एक प्रश्न होता : वापरकर्त्याने कुणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले का? 'हो' दाबलं की फॉर्म बंद. 'नाही' दाबलं की पुढे आणखी तीन पानं उघडायची. कुठे अडलं, का अडलं, व्हिडिओ काढा, आणि आठ दिवसांनी पुन्हा येऊन पुन्हा करून बघा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पालघरला जायला दुसरी रिक्षा मिळेल न मिळेल. सातही फॉर्म त्या संध्याकाळपर्यंत आठवा जोडून पाठवायचे होते. आणि त्या सातांपैकी... नाही, त्यांचं आत्ता नको. एका वेळी एकच बोलता येतंय मला.

मी मामांना म्हटलं, कॅमेरा नीट आहे का ते एकदा मी बघते. आणि हात पुढे केला. हनुवटी धरली. वळवली. 'मामा, डोळे मिटा-उघडा.' त्यांनी मिटले-उघडले. फोन थरथरला, हिरवी खूण आली. दहा सेकंदांचं काम. त्यांनी विचारलं, झालं काय? मी म्हटलं, कॅमेरा चांगला आहे.

आणि 'हो' दाबलं.

हे म्हणजे माझं पाप, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, म्हणजे तसं वाटून घेणं सोयीचं होतं. एक खूण चुकली, घाईत होते, कुणाचं होत नाही? पण एवढंच असतं तर मी ते कधीच हसत हसत कुणाला तरी सांगून टाकलं असतं.

मामा म्हणाले, लिहिलंस ते वाचून दाखव.

माझ्या हातात फोन होता. पडद्यावर 'धन्यवाद' एवढा एकच शब्द होता. आणि मी वाचलं. 'वापरकर्ता पूर्णपणे अंध आहे. कॅमेरा सुरू झाल्यावर फोन बोलणे बंद करतो. जरा डावीकडे, जरा वर अशा सूचना आवाजात दिल्यास एकट्याने करता येईल.' अडखळले नाही. मध्ये एकदा थांबून बोट सरकवल्यासारखंही केलं – ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर! कुणासाठी केलं मी ते नाटक? त्यांनी मान हलवत ऐकलं. म्हणाले, 'वर' च्या पुढं 'खाली' पण घाल. मी म्हटलं, घातलं. मग ते समाधानाने उठले आणि घरी न्यायला पानांची एक कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. मी घेतली.

आठही फॉर्म वेळेत गेले. मॅडमनी कौतुक केलं, जागा मिळाली, आजही मी तिथेच आहे. सेवा सुरू झाली. कॅमेरा उघडला की फोन आजही मुका होतो.

पुढच्या वर्षी हयातीचा दाखला त्याच सेवेतून द्यायचा असं मामांना कळवण्यात आलं. त्यांनी घरी बसून प्रयत्न केले. मग पालघरला एका मदत केंद्रात गेले. तिथल्या माणसाने कंपनीची पुस्तिका काढून वाचून दाखवली – की ही सेवा अंध व्यक्तींनी तपासलेली आहे, याच तालुक्यातल्या, एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या एका अंध गृहस्थांनी कुणाच्याही मदतीशिवाय ती पूर्ण केली आहे. म्हणजे काका, तुमचंच काहीतरी चुकतंय.

ते गृहस्थ कोण, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

मामांना मात्र शंकासुद्धा आली नाही. कशी येईल? त्यांनी तर 'जमत नाही' असं लिहायला सांगितलं होतं, मी वाचून दाखवलेलं कानाने ऐकलं होतं. त्यामुळे तो दुसराच कुणीतरी. मला फोन करून म्हणाले, बाय, तू आठ जणांकडं गेलेलीस, तुला माहीत असेल, तो कोण हाय? मला त्याच्याकडं घेऊन चल. मी शिकून घेतो.

मी म्हटलं, बघते. त्या वर्षी मी माहीमला गेले, हनुवटी धरली, दाखला झाला. पुढच्या वर्षीही तेच. दर वेळी त्यांनी त्या माणसाबद्दल विचारलं आणि दर वेळी मी काहीतरी सांगितलं – पत्ता सापडत नाही, मुलाकडे गेलेत. खरं सांगायला तोंड उघडायचे आणि चहा पिऊन परत यायचे. काय म्हणणार होते? मामा, तो माणूस तुम्हीच? ज्या ओट्यावर त्यांनी मला खरं बोलून दाखवलं, त्याच ओट्यावर?

आणि मामा बदलत गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी म्हणायचे, फोन सांगत नाही. मग म्हणायला लागले, माझंच डोकं चालेनासं झालंय. त्याला जमतं, तोही आंधळाच, तोही एकटाच, मग मला का नाही? दूध उतू गेलं तरी म्हणायचे, बघ. एक कवळी फाटक्या पानाची निघाली तर दिवसभर तेच. गेल्या वर्षी मला ताप होता, जायला उशीर झाला, दाखल्याची मुदत टळली आणि पेन्शन अडकली. भाचा वापीहून आला. म्हणाला, मामा, आता तुमच्याने होत नाही. या वेळी मामांनी ऐकलं. वाडी कुणाला तरी करायला देऊन टाकली.

न्यायला गाडी आली त्या दिवशी मी गेले होते. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. सांगितलं असतं तर ते राहिले असते का? माहीत नाही. पण आपण वेडे झालेलो नाही, एवढं तरी त्यांना कळलं असतं. भाचा आत कुलपं लावत होता. अंगणात आम्ही दोघंच होतो. त्यांनीच विषय काढला – त्या माणसाचा काही पत्ता लागला का?

मी म्हटलं, 'ते वारले, मामा.'

कुठून आलं ते तोंडात, कोण जाणे. जिवंत असल्याचा दाखला देता देता दमलेल्या माणसाला मी त्याच्या तोंडावर मारून टाकलं.

त्यांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. मग विचारलं, 'सोताच्या घरातच ना?'

मी हो म्हटलं.

'मग बरा सुटला तो,' मामा म्हणाले. 'त्याला कोनाच्या दारात जावं नाय लागलं.'

भाच्याने हाक मारली. मी मामांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं, डोकं आपटू नये म्हणून वर हात धरला, आणि दार लावून घेतलं.