आक्का ‘व्हय’ म्हणेपर्यंत

सकाळी ऑफिसात पोचून डबा टेबलावर ठेवतोय तोच बाळूचा फोन आला, आणि मला आधी वाटलं, की आक्कानं माझं लिखाण दुसऱ्यांदा नापास केलंय आणि ते सांगायला भावाला पुढं केलंय. मी घुश्शातच विचारलं, “काय रं, आता काय चुकलं माझं?” बाळूच्या घरी या वेळेला चारही माग सुरू असतात, पण आवाज येत नव्हता… “आक्का गेली रं,” तो म्हणाला. “चहा पीत बसलेली, तशीच.” त्याला दीड महिना झाला. मी आत्ता लिहायला बसलोय, कारण आत्ता माझ्याकडं सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते रडगाणं नाही.

बाळू माझा कॉलेजातला मित्र, सीमाभागातल्या शहापूरच्या विणकर घरातला. त्याची थोरली बहीण म्हणून ती माझीही आक्का. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. पुढच्या सोप्यात बाळूचे माग आणि मागच्या खोलीत आक्का, तिची पुस्तकं आणि एक जुना कॉम्प्युटर. मी तिथल्याच जवळच्या कडोलीचा. आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळं गावात जन्मलेल्या प्रत्येकाला आपण वक्ते आहोत असं वाटतं. मी ते वक्तृत्व मोबाइलवर उधळत होतो. सीमाप्रश्न, रस्त्यात जाणारी शेतं, निवडणुका, सगळ्यावर माझ्या दोन-दोन ओळी तयार असायच्या. शेवटी सख्ख्या मावसभावानं मला मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली नाही. ते आक्काला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, “दोन ओळीत शिवी मावती रं, म्हणणं मावत न्हाय. चार पानं लिव.”

त्यातून ‘म्हणणं’ हे तिचं संकेतस्थळ उभं राहिलं. राजकारणावर लेख लिहायचा, त्याला विरोधकानं लेखानंच उत्तर द्यायचं. नियम दोन. लेख आल्यापासून आठ दिवस उत्तर द्यायचं नाही. आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत अर्धं पान लिहून त्याला दाखवायचं. तो जोवर ‘व्हय, हेच माझं म्हणणं’ असं म्हणत नाही, तोवर आपलं तोंड उघडायचं नाही. मी हसलो होतो. म्हटलं, असल्या जाचक अटी घालून कोण लिहिणार? आक्का म्हणाली, “तू.”

माझी पहिली गाठ निपाणीच्या एका निवृत्त वकिलांशी पडली. घरची भाषा कन्नड, लेख कन्नडमध्ये, आक्का तो मराठीत आणायची. विषय अर्थातच सीमाप्रश्न. त्यांचं म्हणणं म्हणून मी लिहिलं, की तुम्हाला हातातली सत्ता सोडवत नाही. उत्तर आलं, एकच शब्द: ‘इल्ल’. नाही. दुसऱ्यांदा इल्ल, तिसऱ्यांदा इल्ल. चौथ्यांदा मी आक्कापुढं कागद आपटला. तिनं तो उचलून परत माझ्या हातात दिला, बस्स. पाचव्यांदा मी त्यांचे लेख पहिल्यापासून वाचले आणि लिहिलं: ‘तुमचे आईवडील याच मातीत गेले, आणि आम्ही ही माती आमची म्हणतो तेव्हा तुम्हाला तुमच्याच घरात कुणीतरी पाहुणा म्हटल्यासारखं वाटतं.’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘हौदु’. होय! निवडणूक जिंकल्यासारखा मी ऑफिसात उभा राहिलो. माझं मत तसूभरही बदललं नव्हतं, उलट त्यानंतर लिहिलेला लेख मी आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात कडक होता. पुढं त्यांनी माझं म्हणणं लिहून पाठवलं, ते बरोबर असूनही मी नुसत्या खुन्नसनं परत केलं, तर आक्कानं मला असं झापलं की विचारू नका.

दुपारी एकला माग जेवणासाठी थांबले, की ती सोप्यात येऊन नवा लेख मोठ्यानं वाचायची. बाळू भाकरी खात ऐकायचा आणि कधीच काही बोलायचा नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांचं तपासणाऱ्या आक्कानं स्वतःचा लेख लिहिला तो एकच, शेवटचा. आपल्या मराठी शाळांतल्या पोरांना पहिलीपासून पक्कं कन्नड शिकवा, असा. मी पेटलो. जन्मभर मराठी शिकवलेली बाई हे लिहिते? तिचं म्हणणं म्हणून मी लिहिलं, ‘लढून उपयोग नाही, जुळवून घ्या.’ आक्कानं वर ‘न्हाय’ लिहून परत पाठवलं. मी पुन्हा लिहिलं, ‘पोटासाठी कन्नड शिका.’ ते तिच्याकडं पोचलं, आणि उत्तर यायच्या आत ती गेली.

आता माझी पंचाईत अशी, की तिच्या ‘व्हय’शिवाय तिला उत्तर देणं म्हणजे तिचाच नियम मोडणं, आणि उत्तर न देणं म्हणजे तिचा एकुलता एक लेख हार घालून भिंतीला टांगणं. दोन्ही मला जमेना. तेराव्याला मी तो कागद बाळूपुढं धरला. त्यानं सावकाश वाचला आणि म्हणाला, “न्हाय.”

“न्हाय म्हंजे?”

“पोटासाठी म्हणाली न्हवती ती. ज्याला समोरच्याचा कागद वाचता येत न्हाय, त्यो भांडणार कसा? नुसता वरडणार. चांगलं भांडता याय पायजे म्हणून शिका, असं म्हणायची.”

मी तिथंच बसून तिसऱ्यांदा लिहिलं. तडजोड शिकवणारी आक्का मी खोडली आणि पोरांच्या हातात हत्यार देणारी आक्का लिहिली. बाळूनं वाचलं. त्याचे डोळे भरले होते, माझेही. “व्हय,” तो म्हणाला. “हेच. आता तुझं काय त्ये लिव. आणि गेली म्हणून सोडू नको तिला.”

मी सोडलं नाही. पोराचे पाय आधी स्वतःच्या भाषेत रोवू द्या, हत्याराचं नंतर बघू, असं सहा पानं लिहिलं. आठ दिवस संपताच खानापूरहून लेख आला, वडगावहून आला, मावसभावाचासुद्धा आला. वकीलसाहेबांचा कन्नडमध्ये आलाय आणि आता आक्का नसल्यामुळं मीच शब्दकोश घेऊन तो मराठीत आणतोय. यावरून आक्काचं बरोबर ठरतं, असं कुणी म्हणू नये.

माझा लेख लिहून झाला त्याच दिवशी मी तो एक वाजता सोप्यात जाऊन वाचला होता. बाळूनं हात धुतले. “लई भारी लिवलाईस,” म्हणाला, “पर चूक हाय. तिच्या बाजूनं उत्तर मी देणार.” कॉलेज सुटल्यापासून साडीच्या खोक्यावर दुकानाचा पत्ता घालण्यापलीकडं काही न लिहिलेला माणूस आठ दिवस मोजत बसला. काल त्यानं माझं म्हणणं लिहून आणलं, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, आक्काच्या टेबलाशी बसून. मी दोनदा वाचलं. माझं म्हणणं त्याला अजून नीट कळलेलं नाही. वर ‘न्हाय’ लिहून मी पुठ्ठा त्याला परत दिला.