बर्फात काढलेले बूट

आई गेल्याचं मला म्युनिकला कळलं, तेव्हा साताऱ्यात तिचं तेरावंही उरकलं होतं. साठचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी तिथे डॉक्टरेट करत होतो. जायचं म्हटलं तरी जाणं हातात नव्हतं. त्या दिवशी खोलीतली दत्ताची तसबीर मी ट्रंकेत ठेवून दिली. शेवटच्या घटकेला मुलाच्या हातचं पाणीही जो मिळू देत नाही, त्याच्यापुढे रोज हात कशाला जोडायचे? रुसलोच होतो म्हणा ना.

माझं मन रमावं म्हणून प्रयोगशाळेतला सहकारी योहान मला त्याच्या डोंगरातल्या गावी घेऊन गेला. घरी त्याची विधवा आई, आणि हा तिचा एकुलता एक. नुकताच भरपूर बर्फ पडला होता. आम्ही स्कीवर खिंडीपर्यंत चढलो, पण परतताना उबदार वारा सुटला आणि पायाखालचा बर्फ मधूनच 'हुंम्' आवाज करत खचू लागला. योहानचा चेहरा उतरला; हिमलोट सुटण्याची ती खूण होती. पुढे एक उघडा, तीव्र उतार आडवा ओलांडायचा होता आणि दुसरी वाट नव्हती. आम्ही कमरेला लांब लाल दोऱ्या बांधल्या. माणूस गाडला गेलाच, तर दोरीचं टोक तरी वर दिसावं म्हणून. अशा जागी एकाने जायचं आणि दुसऱ्याने त्याच्यावरची नजर हलवायची नाही, असा नियम.

"तर मग, आधी मी जातो. तुम्ही माझ्याकडे बघत राहा," तो म्हणाला.

तेवढ्यात कडेला मला खांबावरची एक छोटी छपरी दिसली. आत क्रूस, खाली रंगवलेली पाटी. देव कुणाचाही असो, पायात चामडं घालून त्याच्यापुढे उभं राहायचं नाही, ही आईची शिस्त. मी देवाशी बोलत नव्हतो, पण पायांना ते कुठे ठाऊक! मी स्की काढल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसलो. नाड्या गोठलेल्या, गाठ काही सुटेना.

"इथे? बूट?" योहान ओरडला. "अहो, ऊन वाढतंय, चला!"

पण माझी नजर त्याच्यावर नसताना त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. तो चरफडत थांबला. मी नुसत्या मोज्यांनी बर्फात उभा राहिलो, हात जोडले. मागितलं काहीच नाही. डोळे मिटलेले असतानाच जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. पाहतो तो समोरचा अख्खा उतार तुटून दरीत चालला होता.

योहानने पाटीवरचा बर्फ हाताने पुसला. मग म्हणाला, "ते देऊळ नाही. याच उतारावर गाडल्या गेलेल्या एका माणसाची आठवण आहे ती."

उन्हाने आणि वाऱ्याने बर्फ सुटला, हे मलाही कळतं. त्यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच वाटतं, मी हात आखडले तरी देवाने माझे पाय सोडले नव्हते. लोट निघून गेलेल्या कडक वाटेने आम्ही जपून खाली आलो.

संध्याकाळी योहानच्या आईने माझे ओले मोजे शेगडीजवळ वाळत घातले. सगळं ऐकताना ती मुलाच्या केसांवरून हात फिरवत होती.

"बूट काढायला तुम्हाला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"आईने."

"मग तिला माझा नमस्कार कळवा. माझा मुलगा घरी आला, म्हणावं."

योहानने मान खाली घातली. माझी आई गेल्याचं त्याने तिला सांगितलं नव्हतं.

म्युनिकला पोचल्यावर मी ट्रंक उघडली, तसबीर पुसून जागेवर ठेवली आणि पायातले बूट काढून तो निरोप दत्ताला सांगितला. आईपर्यंत तो कसा पोचवायचा, हे मी त्याच्यावर सोपवलं.