भोंगा आणि पहिला गायक

आमच्या ह्यांना मित्र भोंगा म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ह्यांचं काम पत्र्याच्या कारखान्यात. दिवसभर पत्रा कापायचा, वाकवायचा, ठोकायचा आणि मोठ्या इमारतींसाठी हवेचे नळ बनवायचे. त्या दणदणाटात बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि ती सवय घरीही यायची. जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच कारखान्यात तिघे जमायचे. हे, कोपऱ्यावरचा शिंपी आणि शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर. तिघेही एका जुन्या हेवी मेटल बँडचे वेडे. बँड कधीच मोडला होता, पण ह्यांचं भांडण ताजं. पहिला गायक मोठा, की त्याला काढून आणलेला दुसरा? हे पहिल्याचे. त्याच्या आवाजात माती आहे, दुसऱ्याच्या आवाजात नुसता साबण, असं ह्यांचं म्हणणं. शिंपी दुसऱ्याचा. पहिला गात नाही, दार अडकलं म्हणून आतून ओरडतो, असं तो म्हणायचा. ड्रायव्हरचं मत एवढंच, की दोघांनी गप्प बसावं आणि ड्रम ऐकू द्यावेत. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण चहा पोचवायला जाऊन जाऊन कुठल्या अल्बमवर कोण गातो ते मला पाठ झालंय, आणि त्याबद्दल मी तिघांनाही माफ केलेलं नाही.

मग ह्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज बराचसा गेला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट बजावलं, की उरलेला आवाज रोज वापरला तरच टिकेल, नाहीतर तोही जाईल. ह्यांनी घरी एकदा तोंड उघडलं, जे बाहेर आलं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तोंडात मिठाची गुळणी धरली. मी विनवलं, रागावले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी.

आता सगळी आशा त्या कारखान्यावर होती. तिथे तरी ह्यांना राहवणार नाही, असं मला वाटलं. मी स्वतः सोबत गेले. आणि बघते तर काय, शिंपी मऊ आवाजात म्हणतोय, की खरं सांगायचं तर पहिलाच मोठा, इतकी वर्षं आपण उगाच ताणलं. ड्रायव्हरही मान डोलवतोय. पुढच्या सुट्टीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. ह्यांनी नुसता हात हलवला तरी दोघे देवळात बसल्यासारखे शांत व्हायचे. जिंकलेला माणूस इतका खचलेला मी कधी पाहिला नव्हता. घरी आले की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे.

माझं डोकं फिरलं. मी तडक शिंप्याच्या दुकानात गेले.

"भावोजी, तुम्ही भांडायचं का सोडलंत?"

त्याने कात्री खाली ठेवली. "कसं भांडू वहिनी? त्याला उत्तर देता येत नाही. जीभच रेटत नाही माझी."

"कीव करायला घरी मी आहे, सासूबाई आहेत, अख्खी गल्ली आहे. भांडायला त्यांना तुमच्याशिवाय कोण आहे?"

तो मापाची टेप बोटाला गुंडाळत बसला.

पुढच्या सुट्टीला मी मुद्दाम चहा ओतत रेंगाळले. शिंप्याने दोनदा घसा खाकरला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, की चौथ्या अल्बमवरचं ते संथ गाणं पहिल्याला सात जन्मांत जमलं नसतं. त्याला सूर आणि शिंक यातला फरकच कळत नव्हता.

ह्यांचे कान लाल झाले. ते कान मी लग्नापासून ओळखते.

"ते गाणं..." हे म्हणाले. फरशीवरून पत्रा ओढावा तसा आवाज. ड्रायव्हर खाली बघू लागला. "ते गाणं... पहिल्यानेच बांधलं. त्याला काढलं, आणि मग तुझ्या त्या..."

शिंप्याचे डोळे भरून आले. हा पुन्हा हात जोडून ऐकत बसणार आणि केलेलं सगळं मातीत घालणार, असं मला वाटलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने बाहीने डोळे पुसले.

"बांधलं म्हणून काय झालं? कापड बेतणारा वेगळा, आणि घालून मिरवणारा..."

"आधी मला... बोलू दे," हे म्हणाले आणि टेबलावर मूठ आपटली.

"का बोलू देऊ? तू कधी मला बोलू दिलंस?"

ऑपरेशन झाल्यापासून ह्यांचं बोलणं कुणी मध्येच तोडलं नव्हतं. मी किटली तिथेच ठेवली आणि बाहेर येऊन पोटभर रडले. आत दोघे एकमेकांवर ओरडत होते, एक मोठ्याने आणि एक जमेल तसा.