अबोलीचे राहिलेले नमस्कार

छत्रीबागेतल्या अबोली पागनीसला रग्बी येत नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने बॉल घेऊन एकदा तिच्या अंगावर धावून बघावं. अंगकाठी बेताचीच, पण समोरची कितीही दांडगी असो, अबोली खाली वाकायची, मांड्यांना विळखा घालायची आणि तिला आडवी करायची. घोडं पेंड खायचं ते त्याच्यापुढे.

आडवं केलं की सोडायचं, चटकन उठायचं आणि बॉल हिसकावायचा, असा हा खेळ. अबोली काय करायची? पडलेल्या मुलीच्या खांद्याला बोटं लावायची आणि तीच बोटं आपल्या कपाळाला. झटापटीत हिचा पाय तिला लागलेला असायचा ना! आणि पाय लागला की नमस्कार करायचा, हे कोणत्या मराठी पोरीला सांगावं लागतं?

हे बाळकडू बाबांचं. श्रीहरी पागनिसांचे पूर्वज म्हणे इथे माळव्यात होळकरांच्या पागेवर होते. श्रीहरी मात्र राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर. साडीला पाय लागला तर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ते आधी साडीला नमस्कार करायचे. झाडूला नमस्कार, वर्तमानपत्राला नमस्कार, शेजारच्या मांजरालासुद्धा नमस्कार. भला माणूस, पण या बाबतीत अगदी हट्टी.

उज्जैनच्या सामन्यात कहर झाला. ही पडलेल्या मुलीला धरूनच ठेवतेय असं पंचांना वाटलं आणि त्यांनी शिट्टी फुंकली. पेनल्टी समोरच्या संघाला गेली, पाठोपाठ सामनाही गेला. कोच ऋषभ सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अबोली, टॅकल तेरा एक नंबर. पर उसके बाद ये पूजापाठ किसलिए? संडे को जबलपुर के सामने एक बार भी दिखा ना, तो टीम से बाहर!"

रग्बीवाचून अबोलीला करमतच नव्हतं. कॉलेज, लग्नकार्य, ताप, काहीही असो, सकाळी ती राजेंद्र नगरच्या मैदानावर हजर. तिची मैत्रीण ईशा आठवडाभर तिच्यापुढे धडाधड पडत राहिली आणि पडल्या पडल्या ओरडत राहिली, "उठ भिया, उठ! बॉल घे!" मुलगी असली तरी इकडे हाक 'भिया', म्हणजे भाऊ, अशीच. अबोली मुठी आवळून उठायला शिकली. दहातल्या आठ वेळा जमायचं. उरलेल्या दोन वेळा हात निसटायचाच.

शेवटी जेवताना तिने बाबांना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पाय लागला तरी नमस्कार नाही करायचा?" बाबांचा घास हातातच राहिला.

"नाही ना बाबा. टीममधून काढून राहिले मला."

बाबा वरणभात तसाच टाकून उठले. आपण त्यांना दुखावलं, या विचाराने अबोलीला त्या दिवशी काही गोड लागलं नाही.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरीही मैदानाच्या कडेला, रेषेपलीकडे, चपला बाजूला काढून बाबा मातीत बसलेले तिला दिसले. आजवर एकदाही सामन्याला न आलेले बाबा! यांच्यादेखत लोकांना लाथा घालायच्या आणि तसंच पुढे जायचं?

पण खेळ सुरू झाला आणि ती खेळली. प्रत्येक टॅकलला हात शिवशिवायचा, ती मूठ आवळायची. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत असताना जबलपूरची धिप्पाड कप्तान सुसाट आली. अबोलीने तिला पाडलं. हिचा बूट खाडकन तिच्या खांद्यावर बसला. अबोलीचा हात अर्ध्यापर्यंत गेला, थांबला आणि तिथून वळून बॉलवर पडला. ती उठली, धावली, ईशाकडे बॉल फेकला. ईशा गोलरेषेपार!

सगळे नाचत होते. अबोली मान खाली घालून बाबांपुढे जाऊन उभी राहिली. वर पाहिलं तर बाबांचं कपाळ माळव्याच्या काळ्या मातीने माखलेलं.

"हे काय हो बाबा?"

"तुला वेळ नव्हता ना. तुझा पाय लागला की मी इथूनच जमिनीला हात लावून करत होतो." मग जरा काळजीने म्हणाले, "गर्दीत नीट दिसत नव्हतं. एखादा राहिला असेल तर सांग."

अबोलीने रडत रडत त्यांना मिठी मारली आणि तिचा खिळ्यांचा बूट सरळ त्यांच्या अनवाणी पायावर पडला. बाबा कळवळले.

हा नमस्कार मात्र तिने स्वतः वाकून केला, आणि उठायची अजिबात घाई केली नाही.